वेड लागण्याचें वय

मनुष्याच्या आयुष्याच्या बाळपण, तारुण्य आणि वार्धक्य ह्या तीन अवस्था सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ज्यांनीं मोठ्या कुटुंबांत पांच-दहा मुलें वाढतांना पाहिलीं आहेत, त्यांना बाळपण व तारुण्य यांच्या सांध्यावरची आणखी एक अवस्था चांगलीच परिचयाची असते. ती म्हणजे वेड लागण्याची अवस्था. बाराव्या-तेराव्या वर्षीं मुलाच्या मनांत कोणी तरी परका गवई, नट किंवा वादक येऊन बिऱ्हाड करतो. मग त्याचें चित्र भिंतीवर लागतें, त्याच्यासारखे केंस वाढूं लागतात, त्याच्या जन्मदिवशीं घरांत गोडधोड व्हावें असा हट्ट सुरू होतो. आणि ज्या मुलाला स्वतःच्या पणजोबांचें नांव सांगतां येत नाहीं, तो त्या परक्याच्या मावशीचेंही नांव बिनचूक सांगतो. वडील मंडळी प्रथम हंसतात, मग चिडतात आणि शेवटीं पोर हातचें गेलें म्हणून सुस्कारा टाकतात.

ह्या वेडाचा आज थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें चांगलें कीं वाईट, असा प्रश्न आम्ही विचारणार नाहीं. ताप चांगला कीं वाईट असें वैद्य विचारीत नाहीं. तो कोणत्या जातीचा आहे हें पाहतो. शिवाय हा प्रश्न विचारण्याचा अधिकार फारच थोड्या घरांना पोहोंचतो. ज्यांच्या पणज्यांनीं बालगंधर्वांची साडीची नेस आरशापुढें उभें राहून गिरविली, त्यांच्या पणतीनें एखाद्या परदेशी गायकासारखा केशकलाप केला तर रक्ताचा गुण म्हणूनच तिला क्षमा केली पाहिजे.

ह्या वेडाचें सर्वांत मोठें, आणि बारीकसारीक तपशिलानिशीं नोंदलेलें, उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील लिव्हरपूल ह्या बंदराच्या शहरांतून निघालेल्या ‘बीटल्स’ नामक रॉक वाद्यवृंदाचें होय. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे ते चौघे. त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका २२ मार्च १९६३ रोजीं बाहेर पडली, आणि वृंद मोडल्याची वार्ता १० एप्रिल १९७० रोजीं जगभर झाली. म्हणजे आरंभीं बारा वर्षांची असलेली मुलगी अखेरीस एकोणीस वर्षांची झाली. एका मुलीचें सगळें वाढतें वय ह्या सात वर्षांच्या चौकटींत नेमकें बसतें. त्यामुळें त्या वेळच्या मुली बीटल्स ऐकत वाढल्या असें म्हणण्यापेक्षां, बीटल्स आणि त्या मुली बरोबरीनें वाढल्या असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.

परंतु त्या मुलींकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. ज्यांच्या नांवानें जगांतील मुलें वेडीं झालीं, ते चौघेही आधीं स्वतः असेच वेडे होते. १९५६ सालीं लॉनी डॉनेगन ह्या गायकाच्या गाण्यांनीं इंग्लंडांतील पोरांना पछाडलें. त्या संगीतास वाद्यें फारशीं लागत नसत. धुणें घासण्याची पत्र्याची फळी, चहाची रिकामी पेटी व तिला काठीनें ताणलेली दोरी, आणि स्वस्तांतली एखादी गिटार एवढ्यावर भागत असे. जॉन लेननचा पहिला वृंद असाच शाळासोबत्यांचा होता. ६ जुलै १९५७ रोजीं वूल्टन येथील चर्चच्या जत्रेंत हा वृंद वाजवीत असतांना पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी तेथें आला. त्यानें जॉनला काय करून दाखविलें? एका अमेरिकन गायकाचें लांबलचक गाणें एकही शब्द न चुकतां म्हणून दाखविलें, आणि गिटार सुरांत लावून दाखविली. जॉनला हीं दोन्ही कामें तेव्हां धड येत नव्हतीं. तबकडी पुन्हां पुन्हां लावून शब्द पाठ करण्याचा जो उद्योग वडील माणसांना वेळेचा अपव्यय वाटतो, त्याच उद्योगाच्या बळावर ह्या मुलाला त्या वृंदांत प्रवेश मिळाला.

दुसरी एक हकीकत तर आम्हांस फारच आवडते. गिटारीवर अनेक स्वर एकदम छेडून जो मेळ साधतात, त्यास कॉर्ड म्हणतात. ‘बी सेव्हन’ नांवाची एक कॉर्ड ह्या मुलांना येत नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका गृहस्थाला ती येते असें कानावर आलें. मुलें बसमध्यें बसून, सगळें शहर ओलांडून, त्या अनोळखी गृहस्थाच्या घरीं गेलीं आणि ती एक कॉर्ड शिकून परत आलीं. विद्येसाठीं वणवण करण्याच्या कथा आपल्याकडील गवयांच्या चरित्रांतून आपण भक्तिभावानें वाचतों. ही कथा त्याच पंक्तींत बसते. फरक इतकाच कीं ह्यांतील मुलांना आपण विद्या मिळवीत आहों ह्याची वार्ताही नव्हती. त्यांना केवळ वेड होतें.

ह्या मुलांच्या घरांतील वडील माणसें कशीं वागलीं हें पाहणेंही बोधप्रद आहे. जॉनचा सांभाळ करणारी त्याची मावशी मिमी कडक शिस्तीची होती. गिटार ठीक आहे, परंतु तिच्यावर पोट भरणार नाहीं, असें ती त्याला बजावीत असे. आणि वाजवावयाचें तर घराच्या पुढच्या लहानशा पडवींत जाऊन वाजव म्हणून सांगे. पॉलचे वडील जिम हे स्वतः तरुणपणीं जॅझ संगीत वाजवीत. त्यांनीं मुलाला चौदाव्या वाढदिवसाला तुतारीच्या जातीचें ‘ट्रंपेट’ हें वाद्य दिलें. तें तोंडाला लावल्यावर गातां येत नाहीं, म्हणून मुलानें तें देऊन गिटार घेण्याची परवानगी मागितली आणि बापानें ती दिली. पुढें मुलाच्या एका गाण्यांतील गांवढळ होकार त्यांना खटकला आणि त्या जागीं शुद्ध इंग्रजी होकार घालण्याची त्यांनीं सूचना केली. मुलांनीं ती हंसण्यावारीं नेली. परंतु बापानें गाणें ऐकून मग सूचना केली, न ऐकतां शिव्या दिल्या नाहींत, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पॉलची आई १९५६ सालीं निवर्तली होती आणि जॉनची १९५८ सालीं मोटारीच्या अपघातांत गेली. दोन पोरक्या मुलांच्या घरांत गिटारीला दिलेली एक पडवी आणि एक परवानगी ह्यांची किंमत किती, हें शब्दांनीं सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां त्यांच्या मागें लागलेल्या मुलींकडे वळूं. लिव्हरपूलच्या मॅथ्यू स्ट्रीट ह्या गल्लींत ‘कॅव्हर्न’ नांवाचें एक तळघर होतें. पूर्वीं तेथें वखार होती. कचेऱ्यांतून काम करणारीं मुलें-मुली दुपारच्या सुटींत हातांत खाऊ घेऊन तेथें उतरत. बीटल्स तेथें १९६१ ते १९६३ ह्या काळांत अडीचशेंहून अधिक वेळां वाजले. त्या ओलसर तळघरांत रोज दुपारीं येणाऱ्यांत फ्रेडा केली नांवाची एक टंकलेखिका होती. वृंदाचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन यांनीं १९६२ सालीं तिला सतराव्या वर्षीं आपल्या कचेरींत नोकरी दिली, आणि पुढें बीटल्सच्या चाहत्यांच्या मंडळाचा कारभार तिच्याकडे आला.

कारभार हातीं येतांच ह्या मुलीनें पत्रव्यवहारासाठीं आपल्या घरचाच पत्ता देऊन टाकला. पाहतां पाहतां घरीं टपालाचा असा डोंगर येऊन पडूं लागला कीं तिच्या वडिलांना त्यांत स्वतःचीं बिलें सांपडेनात! कोणी मुलगी उशीचा अभ्रा पाठवी आणि त्यावर रिंगोनें एक रात्र निजावें अशी विनंति करी. फ्रेडा तो अभ्रा घेऊन रिंगोच्या आईकडे जाई व विनंति पुरी करवून घेई. कोणाला त्यांच्या केंसांची बट हवी असे. मदतीला घेतलेल्या मुलींपैकीं कोणी भलतेच केंस पाठविल्याचें कळतांच तिनें त्यांना कामावरून दूर केलें. ती म्हणे, मी स्वतः त्यांच्यांतलीच आहें. त्यांना फसविणें मला कसें शोभेल? वृंद मोडल्यावरही उरलेलीं पत्रें निकालांत काढीपर्यंत, म्हणजे १९७२ पर्यंत, तिनें हें काम केलें. नंतर संग्रहांतील बहुतेक वस्तु तिनें चाहत्यांना वांटून टाकल्या, आणि लिव्हरपूलमध्येंच साधी चिटणिशी करून संसार केला. २०१३ सालीं तिच्यावर एक माहितीपट निघाला, तेव्हां कोठें जगाला तिची ओळख झाली. ज्या आठवणी विकून तिला गडगंज पैसा मिळविणें सहज शक्य होतें, त्या तिनें अर्धें शतक पोटांत ठेवल्या. वेडानें माणूस बिघडतो म्हणणारांनीं ह्या बाईच्या चारित्र्याचा विचार करावा. सचोटी, गुप्तता, अंगीकृत कामाचा शेवट करणें, हे गुण तिला उपदेशानें आले नाहींत; ज्यांच्यावर जीव जडला होता त्यांचें काम करतां करतां आले.

ज्यांना कचेरींत शिरकाव नव्हता, त्या लाखों मुलामुलींना ह्या वेडानें काय दिलें? आमच्या मतें त्यांना कान दिला. एक तबकडी मुलें शंभर वेळां ऐकत, आणि नवी निघाली कीं ती मागच्याहून वेगळी असे. १९६५ च्या डिसेंबरांत निघालेल्या तबकडीवरील एका गाण्यांत सतार वाजली. १९६६ सालच्या ‘एलिनॉर रिग्बी’ ह्या गाण्यांत गिटार नाहीं, ढोल नाहीं. साथीला चार व्हायोलिनें, दोन व्हायोला आणि दोन चेलो एवढींच आठ तंतुवाद्यें आहेत. १९६७ च्या आरंभीं पॉलनें बाखची एक रचना दूरचित्रवाणीवर ऐकली आणि तिच्यांतील लहान ट्रंपेट आपल्या ‘पेनी लेन’मध्यें आणला. त्याच वर्षींच्या मोठ्या तबकडीवर दिलरुबा, स्वरमंडळ, तंबोरा आणि तबला आले. आणि तिच्या आवरणावर सर्व गीतांचे शब्द छापलेले होते, तेव्हां मुलें तीं पोथीसारखीं पुढें धरून बसत. बाराव्या वर्षीं ज्या मुलीला फक्त ठेका कळत होता, तिला सोळाव्या वर्षीं कोणत्याही शिकवणीवांचून व्हायोला व चेलो यांच्या आवाजांतील भेद कळूं लागला. प्रेमामुळें ती ऐकत राहिली आणि ऐकत राहिल्यामुळें शिकली.

हें त्या वेळच्या वडील माणसांना दिसलें काय? कांहींना दिसलें, कांहींना नाहीं. दोन लेखांची तुलना ह्या बाबतींत मोठी उद्बोधक आहे. २७ डिसेंबर १९६३ रोजीं लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें त्या पत्राचे संगीतसमीक्षक विल्यम मान यांनीं बीटल्सच्या गाण्यांचें गंभीर परीक्षण केलें. शास्त्रीय संगीताला लावावयाचे निकष त्यांनीं ह्या पोरांच्या गाण्यांना लावले, आणि एका गाण्याच्या शेवटच्या स्वरयोजनेंत त्यांना माहलर ह्या थोर रचनाकाराची आठवण झाली. त्यांनीं वापरलेली परिभाषा खुद्द लेननलाही उमगली नाहीं व त्यानें पुढें तिची थट्टाच केली, ही गोष्ट वेगळी. दोनच महिन्यांनीं, २८ फेब्रुवारी १९६४ रोजीं, ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकांत पॉल जॉन्सन ह्या लेखकानें ह्या वेडावर कोरडे ओढले. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या मुलींचे चेहरे त्यांना रिकामे वाटले. ह्या मुली म्हणजे त्यांच्या पिढींतील मंद, आळशी आणि अपयशी मुली होत असा त्यांनीं निकाल दिला. आपण सोळाव्या वर्षीं बेथोव्हेनची नववी सिंफनी प्रथम ऐकली आणि तो रोमांच आपणांस अद्याप आठवतो, असेंही त्याच लेखांत त्यांनीं लिहिलें. मौज पाहा, सोळाव्या वर्षाचें वेड त्यांना स्वतःला लागलें होतें व तें आयुष्यभर पुरलें होतें. परंतु दुसऱ्याच्या मुलीच्या चेहऱ्यावर तेंच वेड त्यांना ओळखतां आलें नाहीं! मान यांनीं आधीं कान दिला. जॉन्सन यांनीं नुसते चेहरे पाहिले. घरोघरच्या वडील माणसांचेही हेच दोन वर्ग पडतात.

तथापि जॉन्सन यांच्या म्हणण्यांत मुळींच अर्थ नव्हता असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारें ५५,६०० श्रोते जमले. त्यांच्या किंकाळ्यांत गाणें तर बुडालेंच, परंतु वाजविणारांना स्वतःचें वाजविणेंही ऐकूं येईना. एका वर्षानें, २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला आणि त्यांनीं असे दौरे कायमचे सोडले. जी भक्ति देवाचा शब्द स्वतःच्याच आरोळींत बुडविते, तिच्यामुळें देवाला देवळाबाहेर पडावें लागतें, असें ह्यावरून कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणें कठीण आहे.

परंतु त्याच काळांतील दुसरें चित्र पाहा. लंडनमध्यें ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रणगृहाच्या पायऱ्यांशीं कांहीं मुली थंडीपावसांत तासन् तास उभ्या असत. ४ फेब्रुवारी १९६८ हा रविवार होता. आंत एका गाण्यासाठीं उंच स्वरांतील आवाज हवे होते, आणि रविवारीं गायिका कोठून मिळणार? पॉल बाहेर आला आणि उंच सूर कोणाला लांबवितां येईल असें त्यानें विचारलें. ब्राझीलहून आलेली सोळा वर्षांची लिझी ब्राव्हो आणि लंडनची गेलीन पीझ ह्या दोघी आंत गेल्या. बीटल्सबरोबर एका ध्वनिक्षेपकापुढें उभ्या राहून त्या गाइल्या. तो त्यांचा आवाज वन्यजीवांच्या मदतीसाठीं १९६९ च्या डिसेंबरांत काढलेल्या तबकडीवर आजही ऐकावयास मिळतो. शे स्टेडियमवरील पोरींत आणि ह्या दोघींत प्रेमाचा फरक असेल असें आम्हांस वाटत नाहीं. फरक इतकाच कीं पायरीवर गप्प उभें राहण्याची ह्यांना संवय झाली होती. आणि दार उघडलें तेव्हां देण्याजोगें कांहीं तरी, एक सूर का होईना, ह्यांच्याजवळ होतें.

वेडाचें रूपांतर अभ्यासांत कसें होतें, ह्याचें उदाहरण खुद्द त्या चौघांपैकींच एकानें घालून दिलें आहे आणि त्याचा संबंध आपल्या मुंबईशीं येतो. जॉर्ज हॅरिसनला सतारीचें वेड लागलें. १९६६ सालीं लंडनमध्यें त्याची पंडित रविशंकर यांच्याशीं भेट झाली आणि त्यानें त्यांचें शिष्यत्व पत्करलें. शिकवणी चालली असतां दूरध्वनीची घंटा वाजली. तो उठला आणि खालीं ठेवलेली सतार ओलांडून निघाला. पंडितजींनीं त्याच्या पायावर एक फटका दिला आणि वाद्याला मान द्यावयास शीक म्हणून सुनावलें. ज्याच्या चरणांची धूळ मिळावी म्हणून दोन्ही गोलार्धांतील मुली तळमळत होत्या, त्याला वाद्य ओलांडलें म्हणून फटका बसला. आणि तो त्यानें आयुष्यभर कौतुकानें सांगितला! त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत तो शिकण्यासाठीं मुंबईस आला आणि ताजमहाल हॉटेलांत ओळख लपवून राहिला. परंतु ओळख फुटली, हॉटेलाखालीं मुंबईच्या तरुणतरुणींची गर्दी उसळली, आणि गुरुशिष्यांना रियाजासाठीं काश्मीर गांठावें लागलें. पुढें १९६८ च्या जानेवारींत तो पुन्हां मुंबईस आला आणि येथील वादकांच्या साथीनें त्यानें ध्वनिमुद्रण केलें. त्यांत हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा हे तेव्हांचे तरुण कलावंत होते.

हॅरिसनच्या मागोमाग त्याचे चाहतेही आपल्या संगीताच्या दाराशीं आले. १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें बांगला देशच्या पीडितांसाठीं ह्या गुरुशिष्यांनीं मोठा जलसा केला. आरंभीं रविशंकर, अली अकबर खां आणि अल्लारखां यांनीं वाद्यें सुरांत लावलीं, आणि त्या नुसत्या लावण्यालाच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला! लावणेंच इतकें आवडलें तर वाजविणें अधिक आवडेल अशी आशा पंडितजींनीं हंसत व्यक्त केली. त्या अडाणी टाळ्यांना आपण जरूर हंसावें. परंतु मुलांच्या अंगीं समज येण्याआधीं आदर येतो आणि आदराचें बोट धरून समज मागाहून येते, हा सृष्टिक्रम आहे. त्या श्रोत्यांतील कित्येकांनीं पुढें सतार आणि सरोद मनःपूर्वक ऐकली, हें तितकेंच खरें.

आतां ह्या वेडाची काळी बाजू. १९६६ सालीं लेननच्या ख्रिस्ती धर्माविषयींच्या एका विधानावरून अमेरिकेच्या दक्षिण भागांत वादळ उठलें आणि कांहीं आकाशवाणी केंद्रांनीं तबकड्यांच्या होळ्या करण्याचें आवाहन केलें. त्या होळ्यांत तबकड्या टाकणारे हात पुष्कळ ठिकाणीं मुलांचेच होते. काल ज्याची पूजा केली त्याला आज जाळलें, कारण तो आपल्या मनांतील मूर्तीसारखा वागला नाहीं. आणि ८ डिसेंबर १९८० रोजीं न्यूयॉर्कमध्यें, किशोरवयांत ह्याच वेडांत वाढलेल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणानें सायंकाळीं लेननची सही घेतली आणि रात्रीं त्याच्यावर गोळ्या झाडून त्याचा प्राण घेतला. त्या तरुणाचें मन विकृत होतें, ही गोष्ट उघड आहे. एका विकृत मनावरून लाखों निरोगी मुलांना दोष देणें अन्यायाचें होईल. तरी ह्या दोन्ही गोष्टींत एक धागा समान दिसतो, आणि जो भेद आम्हांस सांगावयाचा आहे तो येथेंच स्पष्ट होतो.

एका जातीचें वेड ऋण मानणारें असतें. दुसऱ्या जातीचें हक्क सांगणारें. पहिल्या वेडांतील मूल म्हणतें, ह्यानें मला एवढें दिलें, मी काय करूं? मग तें शब्द पाठ करतें, शहर ओलांडून एक कॉर्ड शिकून येतें, परक्या मुलीचा अभ्रा पोहोंचवितें, पायरीवर गप्प उभें राहतें. दुसऱ्या वेडांतील मूल म्हणतें, मी ह्याला एवढें दिलें, आतां ह्यानें मी म्हणेन तसें असलें पाहिजे. कोणावर वेड जडावें हें वडील माणसांच्या हातीं नसतें. परंतु तें ऋणाच्या वाटेला लागतें कीं हक्काच्या, हें घरच्या वागणुकीवर पुष्कळच अवलंबून असतें. ज्या मुलाच्या आवडीला घरांत जागा नाहीं, त्याला त्या परक्याखेरीज दुसरें कोणी उरत नाहीं. आणि ज्याला दुसरें कोणी नाहीं, तो त्या एकावर सगळ्या जगाचा हक्क सांगूं लागतो.

म्हणून आमचें घरोघरच्या मंडळींस आग्रहाचें सांगणें आहे. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी कानांत यंत्र अडकवून कोणा परदेशी वृंदाच्या नादांत बुडालेली असेल, मग तो इंग्लंडचा असो कीं कोरियाचा, तर एका रविवारीं दुपारीं तिला सांगावें, ‘बाळ, ह्यांतलें तुला सर्वांत आवडतें तें आम्हांला ऐकव; आणि काय ऐकावयाचें तेंही सांग.’ मग शेवटपर्यंत ऐकावें. मध्येंच उठूं नये, आमच्या वेळीं असें नव्हतें हें वाक्य तोंडांतून काढूं नये. आवडलें नाहीं तर खुशाल तसें सांगावें; पॉलच्या वडिलांनींही सांगितलेंच होतें. गाण्याचा अर्थ विचारावा, कोणतें वाद्य कोठें आलें तें विचारावें. दुसऱ्या दिवशींपासून ती मुलगी अधिक लक्षपूर्वक ऐकूं लागेल. कारण आपल्याला उत्तर द्यावयाचें आहे हें तिला कळलेलें असतें. त्याबरोबरच पैशाची शिस्त घालून द्यावी. चित्रें, सदरे आणि तिकिटें विकणारे व्यापारी ह्याच वयावर टपलेले असतात. १९६४ सालीं ते अमेरिकेंत बीटल्सच्या केंसांचे टोप विकीत होते. एवढें करून वाद्य शिकावें, भाषा शिकावी, लिहावें, असा कांहीं ओढा दिसला तर त्याला घरांतील एखादी पडवी मोकळी करून द्यावी.

आणखी एक. हें वेड केव्हां तरी मोडतें. वृंद फुटतो, गायक निवर्ततो, किंवा मुलगीच मोठी होते. १९७० च्या एप्रिलांत त्या चौघांच्या फुटीची बातमी आली, तेव्हां इंग्लंड-अमेरिकेंतील कितीतरी मुली घरांतील कोणी गेल्यासारख्या रडल्या. त्या रडण्याला वडील माणसांनीं हंसूं नये. ज्यांना आपण कधीं भेटलों नाहीं त्यांच्यासाठीं आलेले अश्रु खोटे नसतात. सुदैवी घरांतील मुलाला वियोगाचा पहिला धडा अशाच दूरच्या माणसाकडून मिळतो, आणि जवळच्यांचा धडा पुढें येतो तेव्हां तो थोडा तरी सोसावयास शिकलेला असतो.

त्या वेळच्या मुली आज सत्तरी ओलांडलेल्या आज्या झाल्या आहेत. लेननच्या जुन्या घरगुती ध्वनिफितीवरील आवाज निराळा काढून पुरें केलेलें बीटल्सचें एक गाणें २ नोव्हेंबर २०२३ रोजीं प्रसिद्ध झालें आणि इंग्लंडांत पहिल्या क्रमांकावर गेलें. तें ज्या घरांत आजीनें आणि नातीनें एकत्र बसून ऐकलें असेल, त्या घरीं साठ वर्षांपूर्वीं कोणी तरी वडील माणूस दाराशीं थांबून म्हणाला असला पाहिजे, ‘जरा मोठ्यानें लाव, मलाही ऐकूं दे.’ हें वाक्य आपल्या मुलांना आपल्या तोंडून ऐकावयास मिळो.